गाळणीतलं अळू

नाथाजी हवालदारानं ती काचेची टाकी सुकुमार मगदुमाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आणून ठेवली, तेव्हा त्याचा विचार अगदी सरळ होता. पलटणीतल्या साहेबाची बदली आसामला झाली होती. जाताना साहेबानं टाकी, तिच्यातले नऊ गप्पी मासे आणि बुडबुडे काढणारा एक छोटा पंप असं सगळं बिऱ्हाड नाथाजीच्या गळ्यात घातलं होतं. आता पेन्शनीत निघालेल्या नाथाजीला ते शिराळ्याला, आपल्या गावी, न्यायचा धीर होत नव्हता.

"आवं, आमच्या घरात वीज न्हाई. ह्यो पंप कशावर चालवू? आन् पावनंरावळं आलं की इचारनार, कालवन कवा करायचं? तुमी जैन मानसं. तुमच्याकडं ह्यांच्या जिवाला घोर न्हाई," नाथाजी म्हणाला.

सुकुमारनं टाकी सायकलवर बांधली आणि सांगलीच्या पेठेतून चालत चालत घरी आणली. यंत्र म्हटलं की हा माणूस विरघळायचा. मासे दोन बोटं लांबीचेही नव्हते, शेपट्या मात्र नवरदेवाच्या फेट्यासारख्या. पण सुकुमारचा जीव जडला तो टाकीच्या पाठीला अडकवलेल्या डब्यावर. बुडबुड्यांबरोबर टाकीतलं पाणी नळीतून वर चढायचं, डब्यातल्या कापसातून झिरपायचं आणि गाळून निघालं की डब्याच्या ओठावरून परत टाकीत ओघळायचं. हे चक्र तो जेवणाचं ताट हातात घेऊन बघत बसे.

त्याच्या आईला, म्हणजे चंदनबालाआक्कांनाही टाकी आवडली, पण त्यांची तऱ्हा वेगळी. "घरात आलेले जीव. आता ह्यांचं बरंवाईट आपल्या माथी," एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं. माशांना किडे घालायचा प्रश्नच नव्हता. राजगिऱ्याचं पीठ चिमटीनं पडू लागलं आणि मासेही बिनतक्रार शाकाहारी झाले.

पहिला मासा दुसऱ्याच आठवड्यात गेला. आक्कांनी णमोकार म्हणत त्याला परसात पुरलं आणि बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जाऊन, वर्षभराचा नियम घेऊन गोड सोडून आल्या. गूळ नाही, साखर नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. पुढच्या महिन्यात दुसरा गेला, तेव्हा दही सुटलं. तिसऱ्याला तूप. सुकुमारची बायको गुणमाला सासूच्या ताटात कोरडी भाकरी आणि बिनतुपाचं वरण वाढायची आणि नवऱ्याकडे अशी बघायची की तो ताटावरून मान वर करत नसे.

"आक्का, मासा मेला त्यात तुझा काय दोष?" त्यानं एकदा विचारलं.

"घर कुणाचं? माझं. आता चौथा गेला तर चहा."

पहाटे पाचला, दुपारी दोनला आणि दिवेलागणीच्या आधी, असा तीन वेळचा चहा हे आक्कांचं एकुलतं एक व्यसन होतं. वडील गेल्यानंतरच्या त्या वाईट वर्षात ही बाई चहाच्या कपावर उभी राहिली, हे सुकुमारनं डोळ्यांनी पाहिलं होतं. टाकी कुणाला देऊन टाकावी तर आक्का म्हणत, तिकडं मेले तरी ते आपलेच. कृष्णेत सोडावेत तर घाटावर गळ टाकून बसणारे काही कमी नव्हते. तेव्हा मासे जगवायचे, याला दुसरा इलाजच उरला नाही.

मग सुकुमारनं टाकी आल्यापासून चालवलेली साफसफाई आणखी जोरात केली. दर रविवारी डबा उतरवायचा, कापूस नळाखाली धरून धुण्याच्या सोड्यानं खसाखसा घासायचा, तळाचे खडे उकळायचे, डबा आरशासारखा लख्ख करायचा. रेडिओच्या आतली धूळसुद्धा तो कुंचल्यानं झाडत असे. घाण ही सगळ्या बिघाडांची आई, असं त्याचं शास्त्र. कापसातला काळपट गाळ गटारात वाहून गेला की त्याला स्वतःच आंघोळ केल्यासारखं हलकं वाटे.

नेमकं तेच आक्कांना सहन होत नसे. त्यांच्या घरात पिण्याचं पाणी दुहेरी कापडानं गाळायचं आणि गाळलेल्या कापडावर उरली ती जिवाणी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, कापड उलटं करून त्याच विहिरीत परत सोडायची. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात. सांगलीत घरोघर नळ आले तरी आक्का आपली जिवाणी घेऊन परसातल्या आडावर जायच्याच.

"ह्या कापसात जिवाणी हाय. ती टाकीतच सोडायला पायजे. तू गटारात घालतोस," त्या दर रविवारी म्हणत.

"अगं, घाण परत टाकीतच घालायची तर गाळायचं कशाला?"

"पाणी आपण गाळून पितो ते काय विहीर स्वच्छ करायला व्हय?"

यावर सुकुमार सोडा जरा जास्तच घालून घासत असे.

एका शनिवारी तो रेडिओचे सुटे भाग आणायला पुण्याला गेला आणि तिथं दोन दिवस अडकला. रविवारचा मुहूर्त आक्कांनी साधला. टाकीतलंच पाणी तांब्यात घेऊन कापूस त्यात हलकेच पिळला आणि ते काळं पाणी भक्तिभावानं टाकीत परत ओतलं. सोमवारी सुकुमार आला तेव्हा टाकीत मासे आहेत की नाहीत तेच दिसेना.

तो इतका चिडला की जेवला नाही. आता एकदोन नव्हे, सगळेच जाणार आणि आक्का चहाबरोबर भाकरीही सोडणार, असं त्याला वाटलं. रात्रभर गाळ खाली बसत राहिला. सकाळी बघतो तर सहाही मासे शेपट्या मिरवत फिरत होते. मंगळवार गेला, बुधवार गेला, कुणी मेलं नाही. पुढच्या रविवारी आक्कांनी तेच केलं आणि सुकुमारनं बोलायचं टाळलं. त्या आठवड्यातही सगळे सहीसलामत.

आता टाकी जिवंत होती, पण तिच्या तळाला बोटभर चिखल साठला होता. इथं गुणमालानं सासूपुढं तोंड उघडलं. ती आष्ट्याच्या शेतकरी घरातली.

"आवं आत्याबाई, आमच्याकडं मोरीच्या तोंडाशी अळू लावत्यात. सगळं खरकटं पाणी ते पितंय, वास म्हणून येत न्हाई. डब्यात कापसाच्या जागी अळू लावलं तर? जिवाणी मुळांवर ओतायची. डब्यातलं पाणी ते टाकीतलंच पाणी की."

आक्का विचारात पडल्या. "अळवाला कंद असतोय. आपल्या घरात कंद?"

"खायचा कुठं हाय? नुसता वाढवायचा."

खाण्यावर बंदी होती, वाढवण्यावर कुणीच बंदी घातली नव्हती. माहेरून गुणमालानं करंगळीएवढी दोन रोपं ओल्या फडक्यात आणली. कापूस कायमचा निघाला. डब्यात खडे भरून त्यांत मुळं रोवली, तळाचा चिखल नळीनं ओढून हळूहळू त्यांच्यावर सोडला आणि तिघंही हात बांधून बघत बसली.

पंधरा दिवसांत पांढरी मुळं डबाभर पसरली. पाणी असं नितळ झालं की पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी वाचता यावी. अळू तर माजलंच. पानं सुपाएवढी झाली, त्यांनी कॅलेंडर झाकलं, मग रेडिओ झाकला. पान तोडायचं नाही असा आक्कांचा हुकूम असल्यामुळं सुकुमारनं मुकाट्यानं रेडिओ दुसऱ्या भिंतीला नेला. शेजारणी अळूवडीच्या आशेनं चौकशी करून जात आणि हात हलवत परत जात.

एका सकाळी आक्का डब्यात वाकून बघत होत्या, त्या तशाच थांबल्या. मग बोटानं सुकुमारला जवळ बोलावलं. मुळांच्या जाळ्यात बारीक काळे ठिपके हलत होते. जोडीजोडीनं. डोळे होते ते. टाकीत जन्मलेली पिलं नळीतून वर चढून आली होती, आणि मोठ्या माशांच्या तोंडातून वाचून या मुळांत सुखानं राहत होती. सुकुमारनं मोजायला सुरुवात केली, पण चौदाच्या पुढं आकडा लागेना.

त्याला आनंद झाला आणि त्याच क्षणी लाजही वाटली. तीन मासे गेले ते तिन्ही वेळा सोमवार-मंगळवारी, त्याची रविवारची घासपूस झाल्यावर. आक्काच्या हातून एकही मेला नव्हता.

"आक्का, ते मासे मीच मारले गं. माझ्या सोड्यानं."

"मला दुसऱ्याच माशाला कळलं हुतं," आक्का डब्यातून नजर न काढता म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"दर आयतवारी बोलत हुते. तू ऐकत हुतास व्हय?" त्या सरळ झाल्या, कमरेवर हात ठेवला. "म्हणून तर दही सोडलं, तूप सोडलं. माझ्यासाठी न्हवं. तुझ्या नावानं. तू कुठं काय सोडणार हायस?"

सहा महिने आई त्याचं पाप कोरड्या भाकरीबरोबर खात होती आणि तो समोर बसून तूप-वरण ओरपत होता. त्याला फार वाईट वाटलं.

"मग आता मी सोडतो. तू गोड घे, दही घे, तूप घे. माझं मला सोडू दे."

"नियम म्हंजे काय रेशनकार्ड हाय, नाव बदलायला?" आक्का म्हणाल्या. "माझं वर्षाचं हाय, ते मी पुरं करीन. तुला सोडायचं तर तू तुझं सोड."

गुणमालानं चहा आणला. सुकुमारनं आपला कप तिच्याकडं परत दिला आणि बिनसाखरेचा मागितला. आयुष्यात प्रथमच. ती आश्चर्यानं आत गेली आणि दुसरा घेऊन आली. त्यानं एक घोट घेतला आणि चेहरा असा काही आक्रसला की आक्का पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तूप सुटल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या.

"तोंड सरळ ठेव," त्या म्हणाल्या आणि आपला कप घेऊन त्याच्या शेजारी बसल्या. "वाकड्या तोंडानं घेतलेला नियम लागू होत न्हाई."