एकटं अक्षर

आजारपणाने मास्तरांकडे एकच शब्द ठेवला होता, आणि तोही धड नव्हता: नाही. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, पण तोंड उघडलं की बाहेर पडायचं ते 'नाही'च. चहा हवा का? नाही. आणि हात मात्र कपाकडे. घरच्यांनी मग त्या शब्दाकडे लक्ष देणंच सोडून दिलं. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

जन्मभर मास्तरांनी तंत्रनिकेतनात लॉजिक सर्किट शिकवली. आता त्यांच्याच धाकटीने त्याच विषयात दोनदा गटांगळ्या खाल्ल्या होत्या. उद्याची परीक्षा शेवटची. या खेपेला नापास झाली की कॉलेजातून नाव कमी. म्हणून दुपारी ती त्यांच्या खुर्चीशी टेबल ओढून बसली होती.

"बाबा, हे बघा. ए आणि बी, किंवा सी. सोपं करून एवढंच उरलं. आता हे नुसत्या नॅन्ड गेटांत बसवायचंय."

गेट म्हणजे तारांवरून येणारे शून्य-एक घेऊन एक उत्तर देणारा सर्किटातला ठोकळा, आणि नॅन्ड हे त्यातलं हट्टी. आत येणाऱ्या सगळ्या तारांवर एक असेल तरच ते शून्य देणार, एरवी कायम एक. पण नुसत्या त्याच्या जिवावर वाटेल ते सर्किट उभं राहतं. धाकटीने ए आणि बी पहिल्या गेटात घातले, त्याची तार शेवटच्या गेटात नेली. इथवर छान. मग तिने सी उचलली आणि सरळ त्या शेवटच्या गेटात नेऊन सोडली.

मास्तरांना चूक लगेच दिसली. जोडीने येणारी अक्षरं पहिल्या गेटातून जाताना उलटून निघतात आणि शेवटच्या गेटात पुन्हा सुलट होतात. एकट्या अक्षराच्या वाटेत गेटच नसतं, म्हणून त्याला आधी वेगळ्या गेटातून उलटवून आणावं लागतं. वर्गात ते बजावायचे, "एकटा दिसला की आधी उलटा टांगा, मगच आत घ्या." पोरं खो खो हसायची आणि परीक्षेत नेमकी तिथेच माती खायची.

"नाही," मास्तर म्हणाले.

"पाणी हवंय?"

"नाही. नाही."

त्यांनी डावा हात उचलला. बोट सीच्या तारेकडे निघालं आणि भरकटत ए-बीच्या गेटावर जाऊन टेकलं.

"हे चुकलंय?" धाकटीने ते गेट खोडलं, विचार केला, पुन्हा तसंच काढलं. "बाबा, हे बरोबर आहे हो."

"नाही!"

"अगं, सकाळपासून औषधाला नाही, आंघोळीला नाही," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तू कुठे मनावर घेतेस?"

मास्तरांनी तिच्या हातातली पेन्सिल हिसकावली. एक वेडीवाकडी रेघ उमटली आणि कागद टरकन फाटला. धाकटीचे डोळे भरून आले. "दमलात तुम्ही," ती म्हणाली आणि त्यांच्या पायांवर शाल घालून वही घेऊन आत गेली. मास्तरांना स्वतःच्या तोंडाचा इतका राग कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आली ती धावतच.

"बाबा, तोच प्रश्न आला! सगळ्यात जास्त गुणांचा. काल तुमच्यासमोर काढलं ना, तस्संच काढून आले. बाकीचं बेताचंच आहे, पण तेवढ्यावर निघेन मी." ती खुर्चीशी गुडघे टेकून बसली. "बरोबर आहे ना?"

शब्द ओठांवर आला. कालसारखाच आजही तो अगदी खरा होता, पण आज त्याचा काडीइतका उपयोग नव्हता. मास्तरांनी दात दातांवर दाबले, ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांनी तो बाहेर पडू दिला नाही.

आई दारात येऊन बघत होती. "बघ," ती हळूच म्हणाली, "आज नाही म्हणाले नाहीत."

"म्हणजे बरोबर," धाकटी म्हणाली, आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकून इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली. मास्तर डाव्या हाताने तिचे केस थोपटत राहिले. निकाल लागायला अजून अवकाश होता.