परक्या हातची गादी

थोरल्याने तंबूच्या दाराची चेन वीतभर खाली ओढली आणि आत डोकावून पाहिलं. अण्णा झोपलेले होते. तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबकळतोय, आणि घोरणं असं की पलीकडच्या समुद्राने लाजून गप्प बसावं. आठ वाजून गेले होते.

त्याने चेन पुन्हा वर ओढली. बाहेरच्या लाकडी ओट्यावर त्याची बायको गॅसशी चहा करत उभी होती.

"उठले?"

"नाही. घोरतायत."

"बरं झालं. घरी पाचला उठून बसतात आणि अख्ख्या घराला..."

तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. चहात साखर मात्र जास्त घातली.

अण्णांचा गाद्यांचा कारखाना. कारखाना म्हणायचं एवढंच, दोन खोल्या, एक मोठं टेबल आणि नाकातोंडात जाणारा कापूस. अण्णांनी तो चाळीस वर्षं चालवला. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताला कंप सुटला आणि थोरल्यानेच एक दिवस त्यांच्या हातातली सुई काढून घेतली. "अण्णा, आता नको. बोटं टोचून घ्याल." अण्णांनी टेबल सोडलं. पण तेव्हापासून थोरल्याने केलेल्या गादीवर त्यांची पाठ कधी सुखाने टेकली असेल तर शपथ. सकाळी डोळे उघडायच्या आत तक्रार. कधी खांद्याखाली ढेकूळ, कधी काठ सैल, कधी "ही गादी आहे का पोतं भरलंयस?" थोरल्याने या वर्षात ती गादी चारदा उसवली, चारदा भरली. गावभरचे लोक त्याच्या गादीवर निवांत लोळत होते. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते त्याच्या घरात रोज सकाळी खरं व्हायचं.

आणि इथे, कुणा परक्याने केलेल्या गादीवर, हे.

धाकटा शेजारच्या तंबूतून केस पुसत आला. तो विमा कंपनीत नोकरीला. ही सहल त्याची. समुद्रकाठी तंबूत राहायचं, पण तंबूत सगळं घरच्यासारखं: खाली लाकडी फरशी, खाटा, पंखा, फ्रिज, भांडी, अगदी कात्रीसुद्धा. काल आल्यापासून तो ज्याला त्याला फ्रिज उघडून दाखवत होता, जणू आतला गारवा त्यानेच रात्रभर फुंकर मारून तयार केला होता.

"अण्णा झोपलेत अजून? बघ दादा! म्हटलं नव्हतं?"

"हवापालट आहे," थोरला म्हणाला.

"हवा कसली, गादी आहे गादी! मी काल बसूनच ओळखलं."

तीस वर्षं गाद्या शिवणाऱ्या माणसाला विम्याच्या माणसाने हे सांगावं. थोरल्याने गरम चहाचा घोट तसाच गिळला. जीभ भाजली, तेही सांगितलं नाही.

अण्णा उठून बाहेर आले ते साडेआठला. धाकट्याने त्यांना खुर्ची दिली.

"कशी झोप, अण्णा?"

"अरे, काय विचारतोस! झकास. घरी सांगायला हवं, म्हातारा राजासारखा लोळला म्हणून."

धाकट्याचा चेहरा असा उजळला की तो पन्नाशीचा आहे हे क्षणभर कुणाला खरं वाटलं नसतं. थोरला वाकून चपलेतली वाळू झटकत बसला. वाळू केव्हाच पडून गेली होती.

"दादा, मी काय म्हणतो," धाकटा खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "अशा तयार गाद्याच मागवू. कारखान्याच्या जागी दुकान थाटायचं, त्यात विकायच्या. तू किती दिवस तो कापूस छातीत भरून घेणार? खोकतोस किती. काय अण्णा?"

थोरल्याने मान वर केली नाही. कान मात्र अण्णांच्या ओठांपाशी नेऊन ठेवले.

"बघू," अण्णा म्हणाले.

नाही म्हणाले नाहीत. वेडा झालास का, असं म्हणाले नाहीत. बघू. तीस वर्षांच्या टाक्यांना दोन अक्षरं.

मत्सर हा असा पाहुणा की त्याला बोलावणं लागत नाही. आला की आधी घरातली चांगली खुर्ची बळकावतो आणि घरधन्यालाच उभं करतो. थोरला सकाळभर उभाच होता. दुपारी सगळे पाण्यात जायला निघाले, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. माझं डोकं जड झालंय."

"चला की हो, एवढ्या लांब येऊन..." बायको म्हणाली.

"ए बाई, जा ना."

त्यांचे आवाज वाळूवरून दूर गेले. त्याने थोडी वाट पाहिली. मग अण्णांच्या तंबूत शिरला आणि मागे चेन लावून घेतली.

आधी नुसता तळवा टेकवला. वरची खोळ जाड, मऊ, हाताला लाडीगोडी लावणारी. कोपराने दाबलं. मग गुडघा टेकवला. मग, चोर कसा इकडेतिकडे बघतो तसं बघून, आडवा झाला. कळेना. खोळीखाली काय होतं ते पाठीला सांगताच येईना. त्याने गादी उभी केली, उलटी घातली, खालच्या अंगाची शिवण नखाने चाचपली. परत शिवायची चिंता नव्हती; त्याच्या पाकिटात पैशांच्या मागे कागदात गुंडाळलेली वाकडी सुई असायची. दुसरा माणूस देवाची तसबीर ठेवतो, तशी. तंबूतलीच कात्री घेतली आणि पहिला टाका तोडला. मशीनची शिवण, एक सुटली की सगळी सुटते. सर्रकन हातभर उसवली.

आत फोमचे तुकडे होते. पिवळे, निळे, कुणाच्या तरी जुन्या खुर्चीतले. त्यांच्यात चिंध्या. मधोमध सगळं दबून दोन्ही कडांना गोळा झालेलं. जिथे माणसाची कंबर यायची, तिथे त्याच्या हाताला खाटेची फळी लागली.

तो तसाच खांद्यापर्यंत हात आत घालून बसला होता, आणि चेन खाली आली.

अण्णा. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पावलांना ओली वाळू. त्यांनी उसवलेल्या गादीकडे पाहिलं, जमिनीवर विखुरलेल्या तुकड्यांकडे पाहिलं, मग मुलाकडे. थोरल्याचे कान तापले. छप्पन्नाव्या वर्षी बापाने डब्यात हात घालताना पकडावं, तसं.

"अण्णा, मी नुसतं..."

अण्णांनी आत येऊन चेन लावली. खाली बसले. बसायला त्यांना वेळ लागला. एक पिवळा तुकडा उचलून त्यांनी चुरगळला, आणि तो फुगतच नाही हे पाहून बाजूला ठेवला.

"चिंध्या आहेत?"

"निम्म्या."

"मला वाटलंच. कमरेशी फळी लागते."

थोरल्याने हात बाहेर काढला.

"फळी लागते? मग झोप कशी लागली तुम्हाला?"

"कुठली झोप! ह्या कुशीवरून त्या कुशीवर. पहाटे पाचला कुठे डोळा लागला."

"आणि झकास म्हणालात ते?"

अण्णा पावलांची वाळू बोटाने काढत राहिले.

"हौसेने आणलंय रे पोराने. त्याला सांगून तो काय करणार? नुसतं तोंड पाडून बसेल चार दिवस." मग, जणू हे बोलणं संपलंच, असं त्यांनी तंबूच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "सूनबाईने दुलई आणलीय ना घरची? ती आण. दुहेरी घाल मध्ये."

"आणि ती विचारेल तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा. तू आधी ते तुकडे मोकळे कर. असे गोळे ठेवून भरू नकोस, मागच्या वेळेसारखे."

"मागच्या वेळी गोळे नव्हते, अण्णा."

"होते."

थोरल्याने गोळे सोडवले, सगळीकडे सारखे पसरले, वर दुलई अंथरली. पिशवीच्या शिवणीतून मजबूत दोरा काढला. सुईत ओवून त्याने काठ जुळवायला घेतला तर फोम सारखा बाहेर डोकावायचा. तेव्हा अण्णांनी दोन्ही काठ एकत्र आणून अंगठ्याखाली दाबले. बोटं थरथरत होती, पण दाब सुटला नाही. थोरला टाका घालायचा, अण्णा अंगठा बोटभर पुढे सरकवायचे. सहा वर्षांत दोघांचे हात एका शिवणीवर आले नव्हते.

"टाका जवळ घे."

"घेतोय."

"हे जवळ? यातून मांजर जाईल."

थोरल्याने तो टाका काढला आणि पुन्हा घातला.

सगळे परतले तेव्हा गादी खाटेवर होती, चादर ताणलेली होती आणि बापलेक ओट्यावर शेंगदाणे खात बसले होते. संध्याकाळी बायकोने दुलईसाठी दोन्ही तंबू पालथे घातले. "घरीच राहिली असेल," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "तुझं हल्ली लक्ष नसतं, सूनबाई." थोरल्याला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी अण्णा सहालाच उठून बाहेर आले. धाकटा टॉवेल खांद्यावर टाकून समुद्राकडे निघाला होता.

"काय अण्णा, कशी झोप?"

"झकास!" अण्णांनी हात वर केला. "पण ते दुकानाचं राहू दे हं. अशी गादी इथंच शोभते. आपल्याला ते झेपायचं नाही."

"बरं, तुम्ही म्हणाल तसं," धाकटा खुशीत म्हणाला, आणि शीळ घालत वाळूत उतरला.

तो टेकाडापलीकडे दिसेनासा होईपर्यंत अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची थोरल्याच्या बाजूला वळवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"उजव्या कुशीला भरण कमी पडलंय," ते म्हणाले. "खांदा धरला माझा."

थोरल्याने हातातला कप खाली ठेवला.

"उजव्या ना?"

"उजव्या. आणि पायाकडे उंच झालीय. काय बघून शिवतोस, देव जाणे."

"बघतो दुपारी," थोरला म्हणाला.

त्याची बायको चहाचं भांडं घेऊन दारात उभी होती. इतक्या सकाळी एवढी बोलणी खाऊन हा माणूस हसतोय कशाला, ते तिला काही केल्या कळेना.