पुढच्या डाव्या चाकाची हकीकत

मी टायर बोलतोय. एका जुन्या मोटारीचा, पुढचा, डावीकडचा. अंगाने अरुंद, कडेला पांढरा पट्टा. बघणाऱ्याला वाटतं, केवढा म्हातारा! पण वय विचाराल तर उणंपुरं दीड वर्ष. जुन्या मोटारीला तिच्या काळाचाच टायर हवा, असा हट्ट धरणारे हौशी लोक आहेत, म्हणून कारखान्याने जुने साचे जपून ठेवलेत. मी जन्मलो तोच आजोबा होऊन!

आमचे मालक चष्म्याचे दुकानदार. वडिलांची मोटार त्यांनी नऊ वर्षं खपून उभी केली, प्रदर्शनासाठी. साच्यातून निघताना टायरला रबराचे बारीक केस येतात. ते शाबूत असले की टायर कोरा, आणि कोऱ्या टायरला प्रदर्शनात गुण जास्त. ते झडू नयेत म्हणून मालक गाडी जागची हलू देईनात. आठ महिने उभं राहून माझं बूड चपटं झालं. ताटावर बसवून 'जेवू नकोस' म्हणण्यातलाच प्रकार!

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मालकांची ताई निरोप घ्यायला आली. वय ऐंशीच्या घरात. दुपारच्या गाडीने ती लेकीकडे कायमची राहायला निघाली होती.

"एक चक्कर मार रे," ती म्हणाली. "आणि मला पुढे बसव. लहानपणी पुढे कायम तू. मी आपली मागे, पिशव्या सांभाळत."

"उद्याचं प्रदर्शन होऊ दे गं ताई. टायर कोरे आहेत."

"उद्या मी कुठे असणार?"

"फोटो पाठवतो की!"

ताईने बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि पिशवी उचलून दाराकडे वळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या चार केसांपायी!

ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा कुठे मालकांना कंठ फुटला. "थांब गं! स्टेशनवर मीच सोडतो. बस पुढे."

सुरुवातीला मी दोघांना चांगलंच धडधडवलं. मग अंग तापलं, बूड गोल झालं, आणि असा पळालो म्हणता! ताई समोरच्या काचेतून नुसती बघत होती. मधेच म्हणाली, "तुला इथून एवढं सगळं दिसायचं होय रे?"

मालकांनी स्टेशनला लांबचा वळसा घातला.

प्रदर्शनात परीक्षकांनी माझ्याकडे बोट दाखवून गुण कापले. "खुशाल कापा," मालक म्हणाले.

आता दर रविवारी मी रस्त्यावर असतो. पट्टा मळलाय, अंग झिजतंय, मजेत आहे. मालक, एकच विनवणी. ताईला लवकर बोलावून घ्या. मी झिजलो तर दुसरा टायर मिळेल हो, पण ती ऐंशीची आहे.