पुलाच्या अलीकडे

तक्रार आलेली नाही, असं तुम्ही लिहिता. छापील कागदावर, खाली शिक्का मारून लिहिता. 'सदर सहलींबाबत एकाही बाधित व्यक्तीची तक्रार या कार्यालयाकडे नोंदलेली नाही, सबब चौकशीचे कारण दिसत नाही.' अहो, येईल कशी? आपण फसलो हे जी माणसं पोटच्या पोरीलाही सांगत नाहीत, त्यांच्याकडून तुम्ही तक्रारीची वाट बघता. बघता कसले, ती येणार नाही हे ठाऊक असल्यामुळेच निवांत बसता. म्हणून त्या गुरुवारी काय झालं ते आता ऐकून घ्या.

त्या गुरुवारी दुपारी सव्वाबारा वाजता लोटार ग्राइनर स्वतःच्या बसखाली उताणा पडून पाना वाजवत होता. बसला काहीही झालेलं नव्हतं.

लोटारचं वय एकोणसाठ. सत्तावीस वर्षं त्यानं लाउशा ते सोनेबेर्ग अशी डोंगरातली साधी बस चालवली. काचेच्या कारखान्यातल्या बायकांना पहाटे खाली सोडायचं, संध्याकाळी वर आणायचं. कारखाना आटला, बायका म्हाताऱ्या झाल्या, एक दिवस बसही बंद झाली. या वयात दुसरं कोण काम देणार? दिलं ते या सहलवाल्यांनी. त्यांची गुलाबी आमंत्रणं आमच्याकडे प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या टपालपेटीत पडतात. अभिनंदन, आपली निवड झाली आहे! एका दिवसात व्युर्त्सबुर्ग! राजवाडा, जुना पूल, माइन नदीतून फेरी, जेवण आमच्याकडून, वर प्रत्येकाला घरी न्यायला एक अख्खं हॅम!

शहर असतं तिथंच. बस मात्र त्याच्या चार किलोमीटर अलीकडे, द्राक्षमळ्यांतल्या एका खानावळीत थांबते. तिथून ना बस, ना स्टेशन. आवारातून टेकडीवरचा किल्ला तेवढा दिसतो. आत दार लावून एक गृहस्थ माइक घेतो आणि पाच वाजेपर्यंत लोहचुंबकाच्या गोधड्या विकतो. सांधे मोकळे होतात, रक्त पातळ होतं, काय काय होतं. माणसं चुळबुळायला लागली की तो खिडकीतून लोटारला खूण करतो. लोटार पाना घेऊन बसखाली शिरतो. गिअरबॉक्स गेला.

ही युक्ती आमच्याच माणसांवर चालते. जुन्या सीमेपलीकडच्या, पश्चिमेकडच्या म्हाताऱ्यांनी दुसरी बस मागवली असती, वकिलाचं नाव घेतलं असतं. आमचं आयुष्य इकडे पूर्वेला, टंचाईत, सुट्या भागांची वाट बघण्यात गेलं. गिअरबॉक्स गेला म्हटल्यावर आमची माणसं गप्प बसतात, आणि वर ड्रायव्हरची कीव करतात.

"लोटार? अरे, तू आहेस ना खाली?"

चाकाशेजारी तपकिरी बूट, जाड मोजे आणि एक काठी दिसली. लोटारनं डोळे मिटले. दुसरं कुणीही चाललं असतं.

एल्फ्रीडे हेल्बिग. वय एक्याऐंशी. लोटारच्या लहानपणी त्यांच्या घराच्या वरच्या वळणावर राहायची. अडतीस वर्षं तिनं तापलेली काच फुंकून बाहुल्यांचे डोळे बनवले. निळे, तपकिरी, जोडीजोडीनं. सकाळी बसमध्ये ती मुद्दाम पहिल्या बाकावर बसली होती आणि रस्ताभर बोलत होती.

"तुला माझी बहीण लिस्बेथ आठवायची नाही. तू तेव्हा जन्मलाच नव्हतास. अठ्ठावन्न साली गेली ती सीमेपलीकडे, पश्चिमेला. एक सुटकेस आणि माझा चांगला कोट घेऊन. कोट न विचारता!"

"मग परत दिला की नाही?" लोटारनं आरशातून विचारलं होतं.

"कोटाऐवजी पत्रं पाठवली. व्युर्त्सबुर्गच्या पुलावर म्हणे लोक हातात पेला घेऊन उभ्याउभ्या वाइन पितात. भर दुपारी! दोन्ही बाजूंना दगडाचे संत, आणि मधे हे प्यायलेले. मला लिहायची, फ्रीडल, इथली काच जाडी आहे, ओठाला लागते. येशील तेव्हा आपले दोन पेले घेऊन ये. येशील तेव्हा! मधे सीमेचं कुंपण, कुंपणावर बंदुका, आणि हिचं आपलं, येशील तेव्हा. सत्त्याऐंशी साली वारली. दोन वर्षांनी कुंपण गेलं. तेवढा दम काही तिला धरवला नाही."

मग तिनं पर्स उघडून रुमालाची घडी सोडली होती. आत दोन पेले. इतके पातळ, की लोटारनं आपोआप वेग कमी केला.

"मीच फुंकलेत. मग नवरा अंथरुणाला खिळला, मग हे गुडघे. रेल्वेनं तीन गाड्या बदलायच्या म्हणजे माझ्याच्यानं होत नाही. आणि परवा ते पत्र आलं. माझी निवड झाली म्हणे! मी म्हटलं, लिस्बेथनंच वरून सांगितलं असणार."

मागच्या बाकावरून बेरिंग म्हातारा ओरडला होता, "हेल्बिगबाई, तिथली वाइन आंबट असते हो! आणि सॉसेज तर विचारूच नका, साबणाचा वास!"

"तुम्ही साबण कधी हुंगलात, बेरिंग?"

सगळी बस हसली होती. लोटारही हसला होता. बस कुठे थांबणार आहे हे त्या बेचाळीस उतारूंना नाही, त्या एकट्यालाच ठाऊक होतं.

आता तो बसखालून अर्धा बाहेर आला. तोंडाला त्यानं मुद्दाम काळं फासून घेतलं होतं. त्याचं त्याला फार बरं वाटलं, कारण चेहरा झाकला गेला.

"फार बिघडलंय का रे?"

"गिअरबॉक्स," लोटार म्हणाला.

"अरे देवा. आणि तू एकटाच. ते ब्रांटसाहेब आत म्हणाले, दोन गोधड्या गेल्या की लगेच शहरात निघू. कुणी हात वर करेना. मग मीच घेतली एक, तेव्हा कुठे मला बाहेर सोडलं."

"घेतली? सही केलीत?"

"केली. बाकीचेही तोंड वासून बसले होते की, कधीचे. म्हटलं, एकीनं सुटत असेल तर सुटू दे. आणि बघ, सही केली तर तुझी गाडीच बिघडली." ती हसली. "माझंच नशीब. तुझा काय दोष?"

त्या गृहस्थाचं नाव ब्रांट नव्हतं. मागच्या महिन्यात तो लिंडनर होता.

"किती वेळ लागेल?"

लोटारला तिला तिथून घालवायचं होतं. बाकी काही नाही. ती समोर उभी राहिली की पाना हातात जड व्हायचा. तो म्हणाला, "तीनपर्यंत होईल."

त्यानं तो आकडा हवेतून काढला होता.

"तीन," तिनं घड्याळात पाहिलं. "मग मी जरा पाय मोकळे करते. खाली नदीच्या कडेनं रस्ता आहे ना? तू घाई नको करूस. आणि जमिनीवर असा पडू नकोस, पाठ धरेल. तुझ्या बापाची धरली होती."

तिनं पिशवीतून आपलं बसायचं विणलेलं आसन काढलं, त्याच्या हातात दिलं आणि द्राक्षमळ्यांतून उताराला लागली. काठी, पाऊल, काठी, पाऊल. लोटारनं तिला जाताना पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं होतं. खिडकीत ब्रांट उभा होता. लोटार आसन पाठीखाली घेऊन पुन्हा बसखाली शिरला.

शिरला तो, हे लिहून घ्या. त्याला कुणी ढकललं नव्हतं.

तीन वाजले, चार वाजले. पाचला ब्रांटनं दार उघडलं. माणसं बाहेर आली, काहींच्या काखेत गोधडीची खोकी. जेवण म्हणून पातळ सूप झालं होतं, हॅम म्हणून प्रत्येकाला पत्त्याएवढी एक चकती कागदात गुंडाळून मिळाली होती. बेरिंग आपली चकती उजेडात धरून म्हणाला, "हिच्यातून किल्ला दिसतो बघा." कुणी हसलं नाही. त्याच्याही काखेत खोकं होतं.

पहिला बाक रिकामा होता.

"जाईल रेल्वेनं," ब्रांट म्हणाला. "कागदावर लिहिलंय, वेळेवर न येणाऱ्यांची जबाबदारी आमची नाही."

लोटारनं बस सुरू केली. गिअर लोण्यासारखा पडला. सगळ्या बसनं तो ऐकला. घराकडे जायला वर वळायचं असतं, लोटार खाली नदीकडे वळला. परतीला बसमध्येच चढलेल्या ब्रांटनं काहीतरी म्हटलं, ते त्यानं ऐकलं नाही.

अडीच किलोमीटरवर ती दिसली. मळ्याच्या बुटक्या दगडी भिंतीवर बसली होती, एक पाय लांब करून. बस पाहून तिनं शाळकरी पोरीसारखा हात वर केला. लोटार खाली उतरला.

"झाली का रे दुरुस्त? माझ्यामुळे खोळंबलात ना सगळे? अरे, मी वेळेवर निघाले होते परत, देवाशप्पथ. त्या पुढच्या वळणापर्यंत गेले. तिथून पूल दिसतो, लोटार! संतसुद्धा दिसतात, खडूएवढे. खाली माणसं. पण घड्याळ बघते तर पावणेदोन. म्हटलं, तीनला गाडी होईल, आणि हा बिचारा माझ्यासाठी थांबेल, ते ब्रांट त्याला बोलतील. फिरले तशीच. आणि इथं येऊन गुडघ्यानं दगा दिला."

"पावणेदोन," लोटार म्हणाला.

"हो. आणि हे घे." तिनं पर्समधून कागदाची पुडी काढली. "वळणावर टपरी होती. दुपारपासून गाडीखाली आहेस, कोण देणार तुला खायला? थंड झालंय. आणि बेरिंग म्हणतो ते खरं आहे, आपल्यासारखं नाही करता येत यांना."

पाव आणि त्यात सॉसेज. पुडीखाली रुमालात ते दोन पेले होते.

त्यानं तिला दंडाला धरून बसमध्ये चढवलं. मग तो आपल्या जागेवर बसला. समोर सरळ रस्ता होता, एक वळण, त्यानंतर शहर. पूल पाच मिनिटांवर. सुकाणू लोटारच्या हातात, ब्रांटच्या नव्हे. टाकीत तेल होतं, गिअरबॉक्स ठणठणीत होता, बेचाळीस माणसं व्युर्त्सबुर्ग बघायलाच निघाली होती.

"वळव," ब्रांट म्हणाला. मोठ्यानं नाही.

लोटारनं आरशात पाहिलं. खोकी मांडीवर घेतलेली माणसं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होती. कुणी बोललं असतं तर. एकानं जरी. पण आपण काय विकत घेतलं आणि का, ते प्रत्येकाला कळून चुकलं होतं, आणि शेजाऱ्याला ते कळू नये एवढीच प्रत्येकाची धडपड होती.

"नको रे," पहिल्या बाकावरून एल्फ्रीडे म्हणाली. "माझ्यापायी सगळ्यांना उशीर. पाहिला ना मी. लांबून पाहिला."

लोटारनं बस वळवली.

आठवड्यानं बेकरीत तो रांगेत मागे उभा होता. पुढे एल्फ्रीडे पाव घेत होती आणि बेकरीवाली विचारत होती, "मग, झाली का व्युर्त्सबुर्गची सहल? काय काय पाहिलंत?"

"अगं, फार सुंदर!" एल्फ्रीडे म्हणाली. "राजवाडा लांबूनच बघितला, पण पुलावर थांबलो निवांत. संतांच्या पायाशी उभं राहून वाइन प्यायले, माझ्याच पेल्यातून. लिस्बेथचा पेलाही भरला. आंबट असते थोडी. हा लोटार होता ना बरोबर, विचार त्याला."

ती वळली. त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती विनवत होती.

"हो," लोटार म्हणाला. "छान झाली सहल."

त्यानंतरही त्यानं चार फेऱ्या केल्या. चार. हेही लिहून घ्या.

फेब्रुवारीत एल्फ्रीडे गेली. घर आवरायला हांबुर्गहून मुलगी आली होती, तिनं लोटारला बोलावलं. पलंगाखाली खोकं होतं, चिकटपट्टीही न सोडलेलं. "हे काय आहे? आईनं कधी सांगितलंच नाही मला." मग तिनं रुमालाची घडी पुढे केली. "हे मात्र तुमच्यासाठी ठेवलं होतं. पुलावर तुम्ही होतात म्हणून सोबत झाली, असं फोनवर म्हणाली होती. फार आनंदात होती तेव्हा."

लोटारनं पेले घेतले. तिला खरं सांगायला हवं होतं. त्यानं आभार मानले आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं चाव्या परत केल्या आणि तुम्हाला पत्र लिहायला बसला. त्याला लिहायची सवय नाही, तीन दिवस लागले. ब्रांटची सगळी नावं लिहिली, खानावळ लिहिली, गिअरबॉक्स लिहिला. बसखाली कोण पडलं होतं ते पहिल्याच ओळीत लिहिलं. सहा आठवड्यांनी तुमचं उत्तर आलं. चालक हा बाधित व्यक्ती नाही. तक्रार सोबतच्या नमुन्यात, बाधित व्यक्तीच्या स्वतःच्या सहीनिशी यावी.

तो नमुना लोटारच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत आहे. त्यावर दोन पेले उपडे ठेवलेत, वाऱ्यानं उडू नये म्हणून. काच इतकी पातळ आहे की खालची तुमची अक्षरं जशीच्या तशी वाचता येतात. 'बाधित व्यक्तीची सही', आणि पुढे रिकामी रेघ.

एल्फ्रीडे हेल्बिग लाउशाच्या चढावर, दफनभूमीत तिसऱ्या ओळीत आहे. बेरिंग जिवंत आहे, पण विचारलं की म्हणतो, कसली गोधडी? गुलाबी पाकिटं या आठवड्यात पुन्हा आली आहेत, बस येत्या गुरुवारी सकाळी सहाला निघणार आहे, नवा ड्रायव्हरही मिळाला आहे.

तर त्या रेघेवर सही कुणाची घ्यायची, तेवढं कळवा. शिक्का नको. स्वतःच्या हातानं लिहा, खाली स्वतःचं नाव घाला, आणि गुरुवारच्या आत उत्तर द्या.