अक्कांचे दोन झुरके

गुडघ्याच्या ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी व्यसनाचा प्रश्न अक्कांना विचारला होता. उत्तर दिलं मुलाने.

"छे छे! आमच्या आईला चहाशिवाय कसलंही व्यसन नाही."

मुलगा पडला हेडमास्तर. दर वर्षी शाळेच्या मैदानात पोरांना उन्हात उभं करून व्यसनमुक्तीची शपथ देणारा. त्याची आई गांजा ओढते, हे चारचौघांत कसं निघू द्यायचं? घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची. अक्कांचं सगळं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं होतं आणि पायडल मारून मारून गुडघ्यांची पार वाट लागली होती. गोळ्यांनी पोट बिघडलं, लेपांनी चादरी. शेवटी झोपताना ओढलेले दोन झुरके तेवढे कामी आले.

"हा माझ्या पोटचा आहे, माझं तोंड नाही," अक्का म्हणाल्या. "बाई, मी गांजा ओढते. रोज. आणि आज इथं यायची भीती वाटली म्हणून निघतानाही ओढला."

हेडमास्तर भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी मन लावून वाचू लागले.

"सांगितलंत ते फार बरं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ताच ओढलाय म्हणजे हृदयावर ताण येणार. आज ऑपरेशन नको, उद्या करू. तोवर एक झुरकाही नाही. रोज ओढणाऱ्याला भूल जास्त लागू शकते आणि नंतर दुखतंही जास्त. औषधं तशी लिहून ठेवते."

बाहेर येताच हेडमास्तर उसळले. "केवढ्या मुश्किलीने नंबर लागला होता! गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"मी मेले असते. तुझी अब्रू तेवढी राहिली असती."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी भुलीचा अंमल उतरला आणि गुडघ्यात कुणी करवत चालवतंय असं वाटू लागलं. अक्कांनी दात आवळले, मग सरळ ओरडल्या. वॉर्डातले तरुण डॉक्टर आले, त्यांनी कागद चाळले आणि त्यांच्या ओठांवर हसू आलं.

"आजी, तुम्हाला नशेची सवय आहे. इंजेक्शन मागणारच तुम्ही. थोडं सोसा."

हेडमास्तर कानाशी वाकले. "आई, सांग ना त्यांना, एकदाच ओढला होता, चुकून."

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याचं आणि रागाचंही. "नाही सांगणार! काल खोटं बोलले असते तर आत्ता औषध मिळालं असतं, हो ना डॉक्टर? खरं बोलले म्हणून ही शिक्षा?"

सगळा वॉर्ड माना वळवून बघू लागला. समोरच्या खाटेपाशी हेडमास्तरांच्या शाळेतल्या एका पोराचे वडील बसले होते. हेडमास्तरांनी त्यांना पाहिलं. घाम पुसला. आईने मुठीत आवळलेली चादर पाहिली आणि उठून उभे राहिले.

"माझी आई गांजा ओढते," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "रोज ओढते. तिचा गुडघा आज कापलाय आणि तिला दुखतंय. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून ठेवलंय, ते तुम्ही वाचलंत का? नसेल तर त्यांना फोन लावा. मी हलत नाही इथून."

फोन लागला. पलीकडून काय ऐकावं लागलं कुणास ठाऊक, पण तरुण डॉक्टरांचे कान लाल झाले आणि इंजेक्शन आलं. हळूहळू अक्कांची मूठ सुटली. डॉक्टर जायला निघाले, तशी अक्कांनी हाक मारली.

"डॉक्टर, उद्या दुसऱ्या कुणाला नशेचं विचाराल तेव्हा असं हसू नका. तो माणूस घाबरून नाही म्हणेल आणि तुमच्याच टेबलावर मरेल."