चार लोकांत

भिमाजी पगारे नाशिकच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. कुणावर आवाज चढवलेला त्यांना कधी कुणी ऐकला नव्हता. वसाहतीत भांडण झालं की दोन्हीकडची माणसं त्यांच्याकडे यायची. रविवारी विहारात ते बोलायला उभे राहिले की विषय बहुतेक रागावर ताबा ठेवण्याचाच असायचा.

२००१ च्या जूनमध्ये बढतीची यादी लागली. भिमाजींचं नाव नव्हतं. त्यांच्यामागून सहा वर्षांनी नोकरीला लागलेल्याचं होतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. भिमाजी हसले. "चालायचंच," म्हणाले.

"माणूस असावा तर असा," कुणीतरी म्हणालं. ते ऐकून त्यांना बरंही वाटलं.

दुपारी शिपाई कारभारी चहा घेऊन आला. वयानं त्यांच्याएवढाच, मखमलाबादकडचा. पहाटे मळ्यात भाजी खुडून मग कामावर यायचा. कप ठेवताना त्याचा हात हलला आणि चहा फायलीवर सांडला.

"अक्कल विकून खाल्लीस का रे?" भिमाजी ओरडले. "झेपत नसेल तर बस घरी!"

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. कारभारीनं आपल्या रुमालानं फाईल पुसली आणि तो निघून गेला.

संध्याकाळी भिमाजींना जेवण जाईना. लताबाईंनी, त्यांच्या बायकोनं, खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"राग कारभारीचा आला होता का?"

"नाही. यादीचा."

"मग सकाळी हसलात कशाला?"

"लोक बघत होते म्हणून," भिमाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळे जागेवर असताना ते उठून कारभारीसमोर उभे राहिले. त्याला बाजूला बोलावणं सोपं होतं, पण अपमान चार लोकांत केला होता.

"कारभारी, काल मी चुकलो. राग दुसऱ्याच गोष्टीचा होता, काढला तुझ्यावर. माफ कर."

कारभारी जरा गोंधळला. "साहेब, चहा माझ्याच हातून सांडला. पण तुम्ही अक्कल काढली, ते लय लागलं. आज बोलले, बरं केलं. पण लगेच इसरंल, असं नाय सांगत."

"नको विसरूस," भिमाजी म्हणाले.

पुढे कितीतरी दिवस कारभारी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचा. भिमाजींना ते बोचायचं. पण माफी मागितली ना, मग आता आणखी काय, असं त्यांनी मनात येऊ दिलं नाही.

त्याच आठवड्यात ते कचेरीच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. "यादीत माझं नाव का नाही, ते लेखी हवंय." आवाज कापत होता, पण चढला नाही.

"पुढच्या वेळी बघू, पगारे."

"बघा. पण कारण लेखी द्या. मी अर्ज आणलाय."

साहेबांनी नाइलाजानं अर्ज ठेवून घेतला. बढती मिळायला पुढे आणखी दोन वर्षं गेली.

त्या दिवशी ते बाहेर आले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या प्रतिभाताईंनी हळूच विचारलं, "यादीचं वाईट वाटलं का हो?"

"वाटलं," भिमाजी म्हणाले, आणि खुर्ची ओढून कामाला बसले.