तारांखालचा मोजा

मी एक गिटार. सध्या कपाटावर असते, तोंड भिंतीकडे करून.

कारखान्यातल्या जन्माबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं द्वारका चौकाजवळच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, रूपालीच्या मांडीवर. तिची वेदिका तेव्हा चार महिन्यांची होती. बाळ झोपलं की आईने स्वतःसाठी काहीतरी शिकावं, असं तिने कुठेतरी वाचलं आणि मला आणलं. आणलं आणि लगेच घाबरली. "ही वाजली की बाळ उठेल!"

म्हणून तिने वेदिकाचा पिवळा मोजा माझ्या तारांखाली खोचला. तेव्हापासून माझा आवाज म्हणजे नुसतं टक्-टक्.

एका कानात इयरफोनवर गिटारचा धडा, दुसरा कान बाळासाठी मोकळा. ओठांत पुटपुट, "खाली, खाली, वर, वर, खाली, वर." वर जाताना हात हमखास तारेत अडकायचा. "मला धड अंगाई येत नाही, गिटार कुठली येणार," ती मलाच ऐकवायची.

तिच्या सासूबाई, सगुणाबाई, विंचूरहून आल्या की नातीचं कौतुक. "लय गुणाची पोर! खाली एवढे ट्रक बोंबलत्यात, पण हिची पापणी हालत नाय."

"द्वारकेची आहे ना, आई. हॉर्नची सवय झालीय तिला."

"नायतर तिचा बाप! वाटी पडली तरी घर डोक्यावर घ्यायचा."

दोघी हसायच्या. मलाही ते पटायचं.

वेदिकाला आठवा महिना लागला. एका दुपारी ती चटईवर पाठमोरी बसून डबा चाटत होती. मोजा धुवायला गेलेला. "हळूच वाजवते," म्हणत रूपालीने हात फिरवला, आणि त्या दिवशी तो कुठेच अडकला नाही. सहाही तारा मोकळ्या गळ्याने बोलल्या. मला केवढा आनंद झाला!

वेदिकाने मान वळवली नाही.

रूपालीने पुन्हा वाजवलं. जोरात वाजवलं. हाक मारली. मग स्वयंपाकघरातून ताट आणून तिच्यामागे आपटलं.

कानांच्या तपासणीचा कागद हातात आला, त्या संध्याकाळी ती वेदिकाला आणि मला एकाच मांडीवर घेऊन बसली. "बाळ उठेल म्हणून मी मोजे खोचत बसले, आई."

सगुणाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "मीच म्हनायचे ना, गुणाची पोर."

दुसऱ्या दिवशी मी कपाटावर गेले. तक्रार नाही. ज्या आवाजाने तिला ते कळलं, तो माझाच होता.

पण रूपाली, एक सांगायचं राहिलंय. त्या संध्याकाळी रडता रडता तुझा हात नकळत माझ्या तारांवरून फिरला. वेदिकाचा तळवा माझ्या लाकडावर होता. ती थबकली. तळव्याकडे बघितलं, मग वर तुझ्याकडे. तुझे डोळे मिटलेले होते.

मला खाली काढ. मोजा घालू नकोस. तिचा हात माझ्या पोटावर ठेव आणि तुला येतं तेवढंच वाजव. खाली, खाली, वर. अडकलं तरी चालेल.

फक्त डोळे उघडे ठेव.